शेंग धरायच्या आत

लडाखच्या खिंडीत दगडांच्या फटीत बोटाएवढं रोप दिसलं. फुलीसारख्या चार पिवळ्या पाकळ्या. म्हणजे मोहरीच्या कुळातलं, एवढं मला कळलं. नेमकं नाव विचारायला मी शहाण्यानं ते मुळासकट उपटलं आणि खाली तळावर थांबलेल्या आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे नेलं. सरांनी भिंग लावलं. म्हणाले, "अरे, ह्यांची ओळख शेंगेवरून पटते. शेंग धरायच्या आत उपटलंस कशाला?"

परत जाऊन संध्याकाळपर्यंत शोधलं. तिथं दुसरं रोप नव्हतं.

पुण्याहून नेलेल्या वर्तमानपत्रात ते दाबून आणलं. घरी घडी उघडली, तर नेमकं निधनवार्तांच्या पानावर चिकटलेलं. तिथल्या प्रत्येक फोटोखाली नाव होतं. मी मारलेल्याचीच तेवढी ओळख पटली नव्हती.