लेकीचा आवाज पळवला, त्याची गोष्ट

एका मंगळवारी मी माझ्या मुलीचा आवाज पिशवीत घालून विद्यापीठात गेले.

सई बारा वर्षांची. चाकाच्या खुर्चीत बसते आणि टॅबवरची चित्रं दाबून बोलते. घरी मराठी, शाळेत डच. उद्धटपणा दोन्हींत येतो. आणि मी, सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकायला लागलेली तिची आई. (आमच्या डीमन गावातल्या मराठी मंडळींना सांगितलंय, डचच्या क्लासला जाते. "मुलगी अशी, आणि हिला एम.ए. सुचतंय!" हे त्यांनी म्हणायच्या आधी मीच रोज स्वतःला म्हणून घेते.)

माझा नवरा मंदार पुणेकर. सेल लागला म्हणून त्याने दोन टॅब आणले, एक तिला, एक मला. कव्हरंही सारखीच, निळी! "माझं वेगळं घेऊ या का?" "कशाला? ही फुकट आलीत!"

त्या सकाळी शाळेची टॅक्सी दारात. ड्रायव्हर हॉर्न न वाजवता नुसता बघत होता (डच माणसाचं ते बघणं हॉर्नपेक्षा मोठं असतं). मी एक टॅब सईच्या खुर्चीला अडकवला, दुसरा पिशवीत कोंबला आणि सायकलवर टांग मारली.

माझ्या प्रेझेंटेशनचा विषय होता, 'बोलू न शकणाऱ्या मुलांचं आपण ऐकतो का?' टॅब जोडला. पडद्यावर भलंमोठं केळं उगवलं, शेजारी कमोड! घाईने बंद करायला गेले, बोट घसरलं आणि वर्गभर माझ्याच आवाजात (रेकॉर्डिंग मीच केलेलं!) घोषणा झाली, "आई, शू आली! आई, शू आली!"

मराठीतली प्रस्तावना असावी अशा आदराने प्राध्यापक बाईंनी मान हलवली. मागच्या बाकावरची पुण्याची ऋचा मात्र कळवळून कुजबुजली, "काकू, बाहेर उजवीकडे आहे!"

म्हणजे हा सईचा टॅब! सईला खरंच शू आली, तर ती सांगणार कशी?

मंदारला फोन लावला. "अरे, सईचा टॅब माझ्याकडे आलाय!"

"मग तिच्याकडे काय आहे?"

"माझं संशोधन!"

"बापरे! बिचारी!"

"पण तुमचं प्रेझेंटेशन?" बाईंनी विचारलं.

"ते शाळेत गेलंय," म्हणाले आणि पळाले.

समोरून वारा. (इथे वारा समोरूनच येतो, अपराधी माणसाला तर हमखास.) डोळ्यांपुढे एकच चित्र: ओली, रडवेली, मुकी सई. कसली शिकतेस गं बाई!

धापा टाकत सईच्या वर्गाचं दार उघडलं. सई मोठ्या पडद्यासमोर ऐटीत बसलेली. कोपराने माझ्या स्लाइड पुढे ढकलत होती आणि पोरं प्रत्येक स्लाइडला टाळ्या पिटत होती! सर्वात जास्त टाळ्या आलेखाला.

मी धावत जाऊन तिचा टॅब तिच्यापुढे ठेवला. "सॉरी गं बाळा! शू आलीय का तुला?" भर वर्गात!

सईने माझ्याकडे पाहिलं. शांतपणे दोन चित्रं दाबली.

"आई. जा."

त्या प्रेझेंटेशनबद्दल तिला शिक्षिकेने चमकता स्टिकर दिला. मला विद्यापीठाने फेरपरीक्षा.

"फेरपरीक्षेला तिलाच पाठव," मंदार म्हणाला.

सई तयार आहे. अट एकच, आईने वर्गात यायचं नाही!