वाणाच्या पाच गाळण्या

आई रोज दुपारी मॉलमध्ये जाते, हे शेजारणीने मला लिफ्टमध्ये सांगितलं, तेव्हा मी आधी हसलेच. आमच्या मीरा रोडच्या त्या मॉलमध्ये आता जातं कोण? कबुतरं जातात. आणि कोचिंग क्लासची पोरं, तीही मागच्या जिन्याने. मग हसू ओसरलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. सत्तरीची बाई, मला एका शब्दाने न सांगता, रोज तीन ते सहा तिथे करते काय?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाला वजन करत असला की मी काट्याकडे नाही, त्याच्या करंगळीकडे बघते. नवरा म्हणतो, तुला अंधेरीच्या ऑफिसात नाही, पोलिसात घ्यायला हवं होतं. म्हणू दे. आमच्या घरात आजवर कुणी फसलेलं नाही, ते माझ्यामुळे.

वडील गेले आणि तीन वर्षांपूर्वी आई गिरगावातली खोली सोडून आमच्याकडे बेव्हर्ली पार्कला आली. शांत बाई. काही मागायचं नाही, कशाला नाही म्हणायचं नाही. अशी माणसंच लवकर फसतात, असं माझं मत. संध्याकाळी कुकर लावता लावता मी विषय काढला.

"आई, दुपारी कुठे असतेस गं?"

"कुठे असणार? मॉलमध्ये जाऊन बसते जरा. गार वाटतं."

गार! त्या मॉलचा एसी बंद पडून दोन उन्हाळे झाले होते. आणि हा जानेवारी चालला होता. मी कुकरच्या शिट्या मोजत राहिले, पण एक गोष्ट पक्की झाली. आई माझ्याशी खोटं बोलत होती, आणि माझ्या आठवणीत तरी हे पहिल्यांदाच.

भीती कसली होती, तेही सांगते. आमच्याच बिल्डिंगमधल्या एका सासूबाईंना असंच कुणीतरी गाठलं होतं. रिकाम्या गाळ्यात खुर्च्या मांडायच्या, म्हाताऱ्यांना फुकट चहा-बिस्कीट द्यायचं, "मांजी, मांजी" करत गुडघे दाबून द्यायचे आणि शेवटी चुंबकाची गादी गळ्यात मारायची. त्या गादीवर आता त्यांचं मांजर झोपतं. आईच्या हातात वडिलांनी केलेल्या दोन बांगड्या होत्या. त्या बांगड्या तिच्या हातात आहेत ना, हे मी रोज ऑफिसातून आल्या आल्या चपला काढायच्या आधी बघायला लागले.

बांगड्या होत्या. पण बाकीचं सगळं चमत्कारिक चाललं होतं. एक तर आईचा चेहरा उजळला होता. भाजी निवडताना गुणगुणायची. एकदा मला विचारते, "तुझ्या साडीला पिको करून हवंय का? चांगली बाई आहे ओळखीची." हिच्या ओळखीची बाई? मीरा रोडमध्ये? आपल्या आईचा चेहरा उजळला तर लेकीने खूश व्हावं. मी खूश झाले नाही. म्हटलं, पाणी मुरतंय कुठेतरी.

मग एका शनिवारी कपाट आवरताना दिसलं की तिची मोरपंखी नारायणपेठ जागेवर नाही. वडील गेल्यापासून ती साडी तिने अंगाला लावली नव्हती. मी तिला कधी नेसू नको म्हटलं नव्हतं हं. तिनेच आपणहून फिक्या साड्या काढल्या होत्या आणि मीही काही बोलले नव्हते. आता ती साडी गेली कुठे? विकली? कुणाला दिली? विचारलं तर म्हणाली, "असेल गं तिथेच," आणि गॅसकडे वळली. घ्या! दुसरं खोटं.

संक्रांत झाली होती. माझं हळदीकुंकू मी दर वर्षी रथसप्तमीच्या आत उरकते. बिल्डिंगमधल्या सवाष्णी आणि ऑफिसातल्या दोघी-तिघी येतात. या वर्षी वाण म्हणून चहाच्या स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या, दोन डझन. शुक्रवारी हळदीकुंकू होतं. बुधवारी संध्याकाळी पिशवी उघडून गाळण्या मोजल्या तर एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच. तिळाच्या लाडवांचा डबाही अर्ध्यावर आलेला.

इथे मला गेल्या वर्षीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वडील गेल्यावर आमच्या घरातलं ते पहिलंच हळदीकुंकू होतं, कारण आधीच्या वर्षी केलं नव्हतं. पहिली बेल वाजायच्या आधी मी आईला म्हटलं होतं, "आई, तू जरा आत बस ना. चार बायका येतायत. झालं की बोलावते." मी वाईट बोलले नव्हते. आवाजही चढवला नव्हता. लोक काय म्हणतील आणि तिलाच कसं अवघडल्यासारखं होईल, असा सगळा विचार करून बोलले होते. ती "बरं" म्हणाली आणि बेडरूममध्ये गेली. मी दार लोटून घेतलं. तीन तास बायका आल्या, गेल्या, उखाणे झाले, फोटो झाले. आणि मी तिला बोलवायला विसरले. शेवटची बाई गेली तेव्हा ती आपली आपणच बाहेर आली आणि दुधाचे ग्लास गोळा करायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, विसरलेच." ती म्हणाली, "असू दे." विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं होतं.

गुरुवारी मी ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि अडीचलाच आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रसवंतीच्या मागे उभी राहिले. तोंडावर ओढणी गुंडाळलेली. आमच्याकडच्या स्कूटरवाल्या मुली गुंडाळतात तशी, नुसते डोळे उघडे. स्वतःच्या आईचा पाठलाग करायची वेळ यावी! राग तिचा येत होता, माझा नाही. तीनला आई निघाली. खांद्याला कापडी पिशवी, चांगली टम्म फुगलेली. ती शेअर रिक्षात बसली, मी मागच्या रिक्षात.

मॉल सुरू झाला तेव्हा आम्ही पूर्ण कुटुंब सरकता जिना बघायला गेलो होतो. नवघरहून, पार उत्तनहून बायका यायच्या आणि पहिल्या पायरीपाशी साडी वर धरून "आई गं" करत उड्या मारायच्या. आता तो जिना बंद पडून साधा जिना झालाय, पायऱ्या मात्र उंच. तळमजल्यावर एक मोबाईल कव्हरवाला, एक झेरॉक्स, आणि एक कपड्यांचं दुकान, ज्याच्या काचेवर "सेल, शेवटचे दोन दिवस" हे गेली दीड वर्षं लिहिलेलं आहे. पावसाळ्यात गळतीखाली ठेवलेल्या बादल्या अजून तिथेच, कोरड्या ठणठणीत. बिनमुंडक्याचे पुतळे एका कोपऱ्यात एकमेकांना टेकवून ठेवलेले. ओल्या प्लायवूडचा वास. गुन्हा करायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, असं माझं तिथल्या तिथे मत झालं.

आई बंद जिना चढून वर गेली. मी मागे निघाले तर वॉचमन आडवा.

"मॅडम, ऊपर कुछ नहीं है."

"कुछ नहीं है तो वो आंटी ऊपर क्यूं गयी?"

"उनका तो रोज का है," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं मला बिलकूल आवडलं नाही. हाही सामील, असं मनात धरून मी त्याला ढकलल्यासारखं करून वर गेले.

वर ओळीने शटर बंद. भिंतीवर एक जुना फाटका बॅनर लोंबत होता, "मोफत आरोग्य शिबिर". मला ती चुंबकाची गादी आठवली. शेवटच्या गाळ्याचं शटर मात्र अर्धवट वर होतं. पूर्वी तिथे साड्यांचं मोठं दुकान होतं. आतून बायकांचा आवाज येत होता. मी वाकून बघितलं.

एक शिलाई मशीन. पाच खुर्च्या. तीन खुर्च्यांवर बायका. मशीनपाशी फुलाफुलांच्या ड्रेसमधली एक पोक्त बाई, गळ्यात क्रॉस. एक मॉलचा झाडू मारणारी, खाकी कोटातली. तिसरी खालची झेरॉक्सवाली, हिला तर मी ओळखत होते. आणि जुन्या ट्रायल रूमचं दार उघडून माझी आई बाहेर आली. अंगावर मोरपंखी नारायणपेठ. पदर व्यवस्थित, निऱ्या चापून चोपून. ती तिथल्या मोठ्या आरशासमोर उभी राहिली आणि डावीकडून, उजवीकडून स्वतःला बघायला लागली. मी कित्येक वर्षांत तिला आरशात बघताना बघितलं नव्हतं.

मशीनवर स्टीलचं ताट होतं. हळद, कुंकू, तिळाचे लाडू, अबोलीच्या वेण्या. आणि माझ्या गाळण्या.

मी शटर खडखड वर ढकललं. "आई! हे काय चाललंय?"

आत सगळं थांबलं. तेव्हा मला दिसलं की शटरच्या आड, कोपऱ्यात, चौथी बाई होती. माझ्याच वयाची असेल. ओढणीने कपाळ झाकून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली ती. पळून जायच्या बेतात.

आई घाईने माझ्याकडे आली. मला वाटलं ती घाबरेल, कारणं देईल. तिने माझा दंड धरला, मला शटरच्या बाहेर आणलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ती आज पहिल्यांदाच आलीये. आमच्यासारखीच तीही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, कुणी कपाळाला बोट लावलेलं नाही. तुझं मंगळसूत्र बघून निघून जाईल. तू जरा बाहेर बस ना. झालं की बोलावते."

आणि शटर खाली घेतलं.

मी तिथेच, बंद सरकत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. माझेच शब्द होते ते, जसेच्या तसे. मुद्दाम बोलली असेल का? मी माणसं ओळखते. मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधला होता, डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात. नव्हता. तिला खरंच त्या बाईची काळजी होती. टोमणा असता तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. आता मला नुसती लाज वाटत होती. आत हसण्याचे आवाज यायला लागले आणि मी बाहेर, तोंडावरची ओढणी हातात घेऊन रडत बसले. खालून वॉचमन म्हणाला, "मॅडम, पानी चाहिये क्या?" मी मान हलवून नको म्हटलं.

अर्ध्या तासाने शटर वर गेलं. "ये गं," आई म्हणाली. "झालं." ती विसरली नव्हती.

आत सगळ्यांच्या केसांत अबोली होती. कोपऱ्यातल्या बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, ती सारखी तिथे हात नेत होती. मशीनवाली उत्तनची होती, हे तिने तोंड उघडताच कळलं. "बस, बाय. तूच पाठवल्यास ना ह्या गाळण्या? आई सांगं, लेकीकडचं वाण हाय."

मी आईकडे बघितलं. ती ताटातली सांडलेली हळद बोटाने गोळा करत होती.

"हो," मी म्हटलं. "मीच पाठवल्या."

सवय जात नाही. मी गाळण्या मोजल्या. चौघींच्या हातात चार. पाचवी आईच्या मांडीवर होती. झाडूवालीने तिला दिलेली. माझी नजर तिकडे गेलेली आईने बघितली.

"तुझ्यासाठी उरली नाही गं," ती म्हणाली. "पण घरी आहेत की." मग साडी बदलायला ट्रायल रूमकडे वळता वळता अगदी सहज विचारलं, "उद्या बायका किती वाजता येणार तुझ्या? म्हणजे मी त्याआधी चहा घेऊन आत जाऊन बसते."

"आई, साडी बदलू नकोस," मी म्हटलं. "आणि उद्याही हीच नेस. दार तू उघड. कुंकू तू लाव सगळ्यांना."

ती परत वळली. उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी भाजीवाल्याकडे बघते ना, अगदी तशी.