मावशींना त्रास नको म्हणून

भांडण दाराआड चाललं होतं, पण दाराला कुठे आवाज पोटात ठेवता येतो. बाहेर लादी पुसणाऱ्या आयाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मोठे डॉक्टर म्हणत होते, "तान्ह्या बाळांवर औषधं तपासायची? लोक मला उभं करणार नाहीत दारात." डॉक्टरीणबाई तेव्हा अगदी नव्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने तुकडा देतो आपण, तीही तपासणीच की. फक्त पुढे बाळाचं काय झालं ते विचारायला कोणी जात नाही."

आयाचा हात थांबला. तिच्या धाकट्या भावाला असाच तुकडा दिला होता. विचारायला खरंच कोणी आलं नव्हतं, आणि नंतर विचारण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पुढे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पटलं सगळ्यांना. आईबापांना नीट समजावून, त्यांची सही घेऊन, औषधं तपासली जाऊ लागली. घरोघरी विचारत फिरणारं माणूस हवं होतं, तेव्हा ही आया आपणहून पुढे झाली. ताप आहे? उलटी? जुलाब? पुरळ? दूध पितं? रोज तेच. नवरा म्हणायचा, "सगळं जग फुकट चौकशा करतं, हिला पगार मिळतो." वस्तीने नाव ठेवलं चौकशीमावशी.

मावशी तोंडाने गोड. प्रत्येक घरी तिला खुर्ची मिळे, चहा मिळे, सुनांची गाऱ्हाणी मिळत. वर्षं गेली, गुडघे गेले. जिने चढून चढून पायांच्या वाती झाल्या.

त्याच सुमारास छातीतल्या कफाचं एक औषध आलं. मोठ्या मुलांना सोसलं होतं, तान्ह्यांना किती सोसतं ते बघायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंपिणीचं पहिलं बाळ त्यात होतं. मावशी धापा टाकत दारात आली की शिंपीण मशीनजवळचं स्टूल पंख्याखाली सरकवायची.

"बाळ कसंय गं?"

"मजेत. तुम्ही आधी पाणी प्या, मावशी."

"उलटी, जुलाब?"

"छे हो."

मावशीने 'नाही'वर खूण केली आणि गुडघा चोळला.

बाळाला जुलाब लागले होते. पण तसं सांगितलं की मावशीला सकाळ-संध्याकाळ यावं लागतं, असा नियम. तो मावशीनेच एकदा कण्हत कण्हत सांगितला होता. शिंपिणीला वाटलं, बाळांची पोटं बिघडतातच, म्हाताऱ्या बाईला दोनदा जिना कशाला. पुढच्या खेपेला दाराला कुलूप होतं आणि बाळ हॉस्पिटलात, डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन.

"तुमचे पाय बघवत नव्हते हो मावशी," शिंपीण रडत म्हणाली.

शिवी दिली असती तर मावशीने ती परत केली असती. ही माया कुठे ठेवायची ते तिला कळेना.

बाळ हळूहळू सावरलं. डॉक्टरीणबाईंचे केस आता पिकले होते. त्या थकून म्हणाल्या, "औषध थांबवू आणि सगळ्या घरी पुन्हा विचारू." पुन्हा विचारलं, तेव्हा आणखी काही 'छे हो' उलटले. तान्ह्यांसाठी औषधाचं माप निम्मं झालं.

मावशी मात्र दुधाने पोळली ती पोळलीच. बसणं बंद, चहा बंद, गुडघ्यांचं नाव बंद. घरात शिरली की थेट दोरीवरच्या दुपट्यांकडे.

"आज एवढी का धुतलीस?"

"मावशी, बसा तरी."

"बसायला नाही आले."

बायका म्हणत, "पूर्वी किती गोड होत्या. हिच्यापेक्षा सासू परवडली." ते तिला जिन्यात ऐकू यायचं. घरी गुडघ्यांना तेल चोळताना तेच शब्द परत आठवायचे. ती आणखी थोडं तेल घ्यायची.

नोकरीचा शेवटचा दिवस आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज राहू दे, नवी मुलगी जाईल."

"एक घर उरलंय," मावशी म्हणाली.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. शिंपिणीचं दुसरं बाळ, तान्ही मुलगी, आता तापाच्या औषधाच्या तपासणीत होती. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मावशी भिंतीला टेकून थांबली. त्या हॉस्पिटलानंतर तिने ही सवय लावून घेतली होती. धाप पुरती बसल्याशिवाय कडी वाजवायची नाही.

"आज तरी बसा, मावशी." स्टूल पंख्याखाली आलंच होतं.

मावशीने स्टुलाकडे क्षणभर पाहिलं. "दुपटी कुठे वाळत घातलीस?"

"बघू नका. मीच सांगते." शिंपीण खाली बघत म्हणाली, "सकाळपासून दोनदा ओकली."

मावशीने 'हो'वर खूण केली. बाळाच्या कपाळावर हात ठेवला, ओठ ओले आहेत का ते पाहिलं, खालूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावते म्हणाली. "आज औषध देऊ नकोस. दूध चालू ठेव. संध्याकाळी येते."

"पण तुमचा शेवटचा दिवस ना? नवी मुलगी येईल की."

"दिवस संध्याकाळपर्यंत असतो," मावशी म्हणाली.

संध्याकाळी ती कठडा धरून पुन्हा जिना चढली. वळणावर भिंतीला टेकली, धाप बसू दिली, आणि मग कडी वाजवली.