मधल्या चकत्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काका म्हणत, आणि काकांच्या हाताला यश आहे असंही म्हणत. बॅटरीच्या कॅथोडसाठी काळा लेप कालवायचा, तो ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पातळ पसरायचा, वाळला की त्याच्या बटणाएवढ्या चकत्या कापायच्या, हे काम ते बावीस वर्षं करत होते. लेप मधे एकसारखा बसतो आणि कडेला दगा देतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

नवी संशोधक त्यांच्या लेकीच्या वयाची होती. लेपात चिमूटभर ग्राफीन, म्हणजे कार्बनचाच एक अतिपातळ प्रकार, घातलं तर बॅटरी जास्त टिकते, हे सिद्ध करायला ती चार वर्षं हाडाची काडं करत होती. काकांचा जीव कळवळला. ग्राफीनच्या चकत्या त्यांनी फॉइलच्या मधून कापल्या आणि तुलनेसाठीच्या साध्या लेपाच्या कडेने. कुणी सांगितलं नव्हतं. नसता शहाणपणा, दुसरं काय!

फरक निघाला तीस टक्के. तिने शोधनिबंध छापला आणि आभारात पहिलं नाव काकांचं घातलं. बायकोने ते पान भिंतीवर लावलं. काका त्या भिंतीकडे पाठ करून जेवू लागले.

मग दुसऱ्या प्रयोगशाळेने कळवलं, आमच्याकडे एवढा फरक येत नाही. सात महिने ती स्वतःची चूक शोधत राहिली आणि काका समोर बसून मुकाट्याने चकत्या कापत राहिले. बोलायची लाज वाटत होती, न बोलल्याची त्याहून जास्त.

एका दुपारी ती म्हणाली, "काका, मला हे कामच जमत नाही बहुतेक. सोडून देते."

"मॅडम, चूक तुमची नाही," काका खाली बघत म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

तिने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "आता दोन्हीच्या मधल्याच कापा."

निबंध तिने मागे घेतला. दोन महिन्यांनी नवे आकडे आले. ग्राफीनची बॅटरी खरोखरच जास्त टिकत होती, नऊ टक्के. पुन्हा तपासलं, तरी नऊच.

"नऊही पुष्कळ होते, काका," ती म्हणाली. "पण एकदा खोटी ठरलेय मी. आता कोण छापणार?"

काकांना मान वर करवेना. तिला त्यांच्या मदतीची गरजच नव्हती.