उलटी फेरी

मला एका जागी बसवत नाही. आमच्या आडतीच्या गादीवर वडील, म्हणजे अप्पा, मला तक्क्याला टेकवून बसवायचे आणि मी जरा वेळानं काहीतरी निमित्त काढून बाहेर. गिऱ्हाईक करडीची मूठ तळहातावर पसरून भाव करून राहिलंय आणि माझं ध्यान रस्त्यावरच्या मोटारीच्या आवाजाकडं. अप्पा सगळ्यांदेखत म्हणायचे, "ह्याच्या बुडाखाली मुंग्या हायत का बघा रे." लोक हसायचे. मला राग यायचा, पण मुंग्या होत्या हे खरंच होतं.

मोठी लढाई संपली तेव्हा फौजेनं मोडीत काढलेल्या मोटारसायकली सोलापूरच्या बाजारात आल्या. त्यातली एक मी हट्ट करून लातुरात आणली. त्याच सुमाराला नांदेडचा उस्ताद काही दिवसांसाठी कामाला आमच्या गावात आला. उस्ताद म्हणजे मोटारी दुरुस्त करणारा, लढाईत खेचरांच्या कंपनीबरोबर विलायतेला जाऊन आलेला. तिथनं त्यानं एक खूळ डोक्यात घालून आणलं होतं. विलायतेत म्हणे गावोगावचे संघ असतात. बिनब्रेकच्या मोटारसायकली, राख टाकलेली लांबट गोल वाट, एका वेळी चार गाडीवाले, दोन ह्या गावाचे, दोन त्या गावाचे. चार फेऱ्या. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्यानं घरी जावं. वळणावर गाडी सरळ वळवायचीच नाही. मागचं चाक घसरू द्यायचं आणि एक पाय जमिनीवर फरपटत न्यायचा. असा सगळा मोसम एकमेकांच्या गावी जाऊन खेळायचं आणि शेवटी कोण वरचढ ते ठरायचं. उस्ताद हे सांगायला लागला की हातातला पाना खाली ठेवायचा. मी ते ऐकलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हिवाळ्यात नांदेड विरुद्ध लातूर असा मोसम ठरला. शर्यत जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कारण हैदराबाद संस्थानात त्या दिवशी कचेऱ्या बंद. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची इजाजत काढली. आमच्या संघाचा म्होरक्या वकिलाचा मुलगा होता, माझ्याहून मोठा, गोरा, कडक इस्त्रीचा. अप्पांना कळलं तेव्हा त्यांनी मला समोर उभं केलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "हा एक मोसम खेळ. तुमचा संघ जिंकला तर तुझं तू बघ, मी पुन्हा गादीवर बस म्हणणार नाही. हरला तर गाडी इकायची आणि गुमान दुकानात यायचं." मी लगेच हाव म्हणालो. जन्मभराचा सौदा होता, आणि मी तो मागचापुढचा विचार न करता करून मोकळा झालो.

जत्रेच्या मैदानात आम्ही वाट आखली. काळ्या मातीवर मुरूम, मुरमावर जिनिंगच्या भट्टीची राख. मैदानातली राख उडून कोणाच्या पापडांवर बसली म्हणून बायकांनी आम्हाला लई शिव्या घातल्या. पंधरवडाभर आम्ही तिथं घिरट्या घातल्या. सायलेन्सर गाडीच्या उजव्या अंगाला, आणि आम्ही उजवीकडंच झुकायचो, त्यामुळं आमच्या सगळ्यांच्या उजव्या पोटऱ्या भाजलेल्या. हे असंच असतं असं आम्हाला वाटायचं.

मग नांदेडकर आले. सुरुवातीच्या दोरीशी चार गाड्या उभ्या राहिल्या आणि मैदानात कुजबूज सुरू झाली. आमची दोघांची तोंडं एकीकडं, त्यांच्या दोघांची तोंडं दुसरीकडं. आम्ही त्यांच्याकडं बघतोय, ते आमच्याकडं. नांदेडकरांबरोबर आलेला उस्ताद लगबगीनं पुढं झाला, वाटेकडं बघितलं, भाजलेल्या पोटऱ्यांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे मियाँ, ये क्या कर रहे तुम लोगां? डावीकडनं फिरतात. सगळ्या दुनियेत डावीकडनं."

दिशा कुठली हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गोल फिरायचं म्हटल्यावर मध्ये देव असल्यासारखं त्याला उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे आमच्या पायातच होतं. देवळाला तसं, तुळशीला तसं, औदुंबराला तसं. आमच्या संघातल्या एकाच्याही मनात दुसरी दिशा आली नाही. म्होरक्यानं तर छाती काढून सांगितलं, "उलटी फेरी मढ्याभोवती घालतात. आम्ही जित्ती माणसं आहोत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तह असा झाला की लातुरात आमच्या दिशेनं आणि नांदेडात त्यांच्या.

त्या तहानं मोसमाची वाट लागली. लातुरात ते पहिल्या वळणावर भांबावून बाहेर फेकले जायचे, आम्ही जिंकायचो. नांदेडात गोदावरीकाठच्या त्यांच्या मैदानावर आमची तीच गत व्हायची. डावीकडं झुकायचं म्हटलं की अंग ऐकायचंच नाही, उजवा पाय आपोआप खाली यायचा. एकदा मी कुंपणाच्या तट्ट्यात जाऊन बसलो आणि समोरच्या म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "बसायला जागा न्हाई का तिकडं?" एक शर्यत त्यांची, एक आमची, असं करत दोन्ही संघ बरोबरीत आले, आणि शेवटची शर्यत नांदेडला निघाली. म्हणजे निकाल लागल्यातच जमा. मी घरात येरझाऱ्या घालायला लागलो. गादीचा पांढरा अभ्रा दिसला की अंगणात निघून जायचो.

मी म्होरक्याला म्हणालो, आपल्याच मैदानात डावीकडनं फिरू, सवय करू. तो म्हणाला, "माझी आई जिवंत आहे. मी ह्या गावात उलटा फिरणार नाही. आणि तू शेट, लिंगायत, तुला काय कळायचं? तुमच्यात मढं पुरतात." माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "वकीलसाहेब, महादेवाच्या देवळात पुरी फेरी घालता का तुम्ही?"

"नाही. पिंडीच्या पाण्याची पन्हाळ ओलांडायची नसते."

"मग काय करता?"

"पन्हाळीपर्यंत जायचं, आल्या पावली माघारी फिरायचं."

"मग जाताना नाहीतर येताना, एकदा तरी माणूस उलटा फिरतोच का नाही? तिथं मढं असतं का महादेव असतो?"

वकिलाचा मुलगा बोटानं कपाळ खाजवत म्हणाला, "आईला तूच सांग हे." मी खरंच जाऊन सांगितलं. त्या माउलीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "माघारी यायला सांगतो ना तो देव? मग तुम्ही पण माघारी या सगळे." माझी आई, अव्वा, मात्र तीन सोमवारचे जास्तीचे उपास धरून बसली.

आम्ही डावीकडनं फिरायला लागलो. गावातली माणसं बघून तोंड फिरवायची. लोहाराकडनं डाव्या बुटाला पत्र्याचा तळ ठोकून घेतला. पडलो, उठलो, पुन्हा पडलो. रोज वाटायचं, आज अंग ऐकेल, आणि ऐकायचं नाही. मग एका सकाळी मागचं चाक घसरलं, डावा पाय राखेवर सरकत गेला आणि गाडी आपली आपणच वळली. इतकं सोपं. मी फेऱ्यांवर फेऱ्या घेत सुटलो, पेट्रोल संपून गाडी बंद पडली तेव्हाच थांबलो. इतका आनंद मला आयुष्यात नंतर फार वेळा झाला नाही.

नांदेडला शेवटच्या डावाला मी आणि म्होरक्या दोघं होतो. गुण बरोबरीत. दोरी सुटली, त्यांचा एक पुढं, मी त्याच्या मागं, डोळ्यात राख, दातांत राख. तिसऱ्या फेरीला तो जरा बाहेर गेला आणि मी आतनं घुसलो. पहिला आलो. म्होरक्या तिसरा, डोळे मिटून देवाचं नाव घेत फिरला असं तो नंतर म्हणाला. उस्तादानं आमच्या दोघांच्या पाठीवर थापा मारल्या. त्याचा संघ हरला होता, पण तो तोंडभर हसत होता.

घरी आलो तर अप्पांना बातमी आधीच कळली होती. ते म्हणाले, "ठीक हाय. तुझं तू." आणि पुन्हा कामाला लागले. मी तो सगळा उन्हाळा पुढच्या मोसमाची वाट बघत काढला. गाडी पुसायचो, सुटी करायचो, पुन्हा जोडायचो.

पुढचा मोसम आला नाही. दिवस बदलले. देश स्वतंत्र झाला, आमचं संस्थान वेगळं राहिलं, सरहद्दीवरनं पेट्रोल यायचं बंद झालं, जमाव करायला मनाई झाली, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला कुठं चाललास म्हणून अडवायला लागले. मैदानातल्या वाटेवर गवत उगवलं. उस्तादानं नांदेडच्या दुकानाला कुलूप लावलं आणि तो हैदराबादेकडं गेला असं कोणीतरी सांगितलं. मी जिंकलो होतो. मला कोणी बस म्हणत नव्हतं. आणि जायला कुठं काही नव्हतं. ओट्यावरनं अंगणात, अंगणातनं ओट्यावर. असे किती दिवस गेले कोण जाणे.

एक दिवस दुपारी मी आडतीवर गेलो आणि चप्पल काढून गादीच्या कडेला बसलो. दुकानात कोणी नव्हतं. अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

"मी बोलवलं न्हाई. आपली बोली झालती."

"माहीत हाय."

"मग?"

"करमत नाही, अप्पा."

ते थोडे सरकले. तक्क्या माझ्याकडं लोटला आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "मला तरी कधी करमलं हितं."