अंबाड्यापुरता हात

डावा खांदा धरला तेव्हा मला कळलं, की अंबाडा हे एका हाताचं काम नाही. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन परदेशात. घरात मी आणि टीव्ही. बाकी सगळं मी एका हातानं निभावलं, कणीकसुद्धा मळली. पण अंबाड्यासाठी रोज सकाळी कंगवा घेऊन शेजारणीच्या दारात उभं राहावं लागे. ती बिचारी गॅस बंद करून यायची. एकदा तिनं गॅस बंद केला नाही, आतूनच "थांबा हं" म्हणाली. मी दहा मिनिटं थांबले आणि मोकळे केस घेऊन घरी परतले. पुन्हा कुणाच्या दारात कंगवा घेऊन जायचं नाही, असं त्याच दिवशी ठरवलं. तेव्हापासून केसांना नुसतं रबर. ते मला शोभत नाही, हे आरशानं रोज सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, आता दुखणं ओसरलंय, खांदा हळूहळू मोकळा करा. मुलीनं तिकडे बसून थाई मसाजचं बुकिंग करून टाकलं. तिची माया हल्ली फोनवरूनच येते.

वर्धा रोडवर दुसऱ्या मजल्यावर, फक्त बायकांसाठीची जागा. तेल चोपडतील म्हणून मी जुना गाऊन आणि विटका टॉवेल पिशवीत कोंबून नेला होता. तेल नव्हतंच. सैल सुती कुडता-पायजमा घालायला दिला आणि जमिनीवरच्या गादीवर बसवलं. मसाज करणारी मुलगी कन्हानहून रोज बसनं यायची, माझ्या लेकीपेक्षा लहान. तिनं आधी कोमट पाण्यात माझे पाय धुतले. सहा वर्षांत या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं आणि उगाच तिचाच राग आला.

मग मला आडवं करून, तळहातांवर स्वतःचा भार देत ती पोटऱ्या, मांड्या दाबत वर सरकली. तिथवर ठीक चाललं. हाताची पाळी आली आणि आमचं बिनसलं. या प्रकारात ताण तिनं द्यायचा, आपण नुसतं पडून राहायचं. पण तिनं मनगट धरलं रे धरलं, की माझा हात आपणहून वर निघे.

"काकू, काहून मदत करून राहिल्या? हात मले द्या ना."

"दिला की."

"नाही दिला." तिनं मनगट सोडलं. माझा हात तसाच अधांतरी राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. "दिला असता तर पडला असता."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घरी एकट्याच राहता काय?"

"तुला कसं कळलं?"

"एकट्या राहणाऱ्या बायांचा हात हलका लागते. भार देतच नाहीत त्या."

चौतीस वर्षं कचेरीत मी कुणाचं एक वाक्य ऐकून घेतलं नाही. तिचं तेवढं ऐकलं. घरी आल्यावर मात्र रडले.

दर शनिवारी जात राहिले. अंबाड्याचं माझं गाऱ्हाणं तिला एव्हाना पाठ झालं होतं. चौथ्या खेपेला कूलरच्या घरघरीत डोळा लागत होता, तेवढ्यात तिचा आवाज आला, "आता आला भार." हात कधी सोडला ते मला कळलंच नव्हतं. तिनं तो हळूहळू वर नेला. दंड कानाला टेकला. दुखलं, पण सोसवलं.

ती पाणी आणायला बाहेर गेली. मी उठून बसले. केसांचं रबर कुठेतरी गळून पडलं होतं. जुन्या सवयीनं दोन्ही हात मागे गेले आणि पोचले. पीळ बसला, पहिला वेढाही पडला. एवढ्यासाठीच तर मी आले होते. आता कुणाची गरज नव्हती, इथे यायचीसुद्धा.

दाराची कडी वाजली. मी वेढा सोडून दिला आणि हात मांडीवर ठेवले.

"जमते काय काकू, अंबाडा?" तिनं पाण्याचा ग्लास ठेवत विचारलं.

"नाही वं," मी म्हटलं. "अजून नाही जमत. तूच बांधून दे."

ती माझ्या मागे येऊन बसली. मी पिशवीतून कंगवा काढून तिच्या हातात दिला.