खेकडेरावाचं अठरावं पान

उत्रोलीहून फोन आला तेव्हा मी वाचनालयात नव्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होतो. "ताई गेली रे, बाळू," एवढंच तिचा भाऊ म्हणाला. समोरच्या कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रांच्या मागे, ताईचं पुस्तक पडून होतं. तिथं ते मीच ठेवलं होतं... तीन वर्षांपूर्वी.

सुमनताई माझी आत्येबहीण, नऊ वर्षांनी मोठी. तरुणपणी ती पुण्यात एका कार्टूनच्या कामावर होती. भातखाचरातला खेकडेराव दर रविवारी टीव्हीवर यायचा, तिरका चालत बांधाबांधावर भांडणं लावायचा आणि शेवटी स्वतःच चिखलात आपटायचा. आमच्या आळीत टीव्ही एकाच घरी. सुट्टीला आलेली ताई त्या गर्दीत माझ्या कानाशी लागून सांगायची, "ती मोठी नांगी म्या काढलीय." मी विचारायचो, "चावंल का गं?" "तुला सगळ्यात आदी चावंल!"

पुढं ते कार्टून बंद पडलं आणि ताई भोरला शाळेत चित्रकला शिकवू लागली. निवृत्त झाल्यावर तिनं मूळ कर्त्याची परवानगी मिळवली आणि खेकडेरावाला चित्रपुस्तकात पुन्हा उभा केला. पहिली प्रत घेऊन ती वाचनालयात माझ्याकडे आली. आमच्याकडे एक रीत आहे. मुलांचं नवं पुस्तक वाचनालयाच्या समितीतल्या एकानं घरी न्यायचं, घरच्यांना बसवून मोठ्यानं वाचायचं, आणि पटलं तर त्यावर 'घरात मिळून वाचावं' हा शिक्का मारायचा. वेल्ह्याकडच्या शाळाही हा शिक्का बघूनच पुस्तकं घेतात. तेव्हा पाळी माझी होती.

रविवारी दुपारी शैला, म्हणजे माझी बायको, आणि दहावीतली लेक मुक्ता यांना बसवून मी वाचायला घेतलं. दोघी खूप हसल्या. अठराव्या पानावर खेकडेराव घरी येतो. त्याची चाहूल लागताच बिळातली पिल्लं अंग चोरून गप्प होतात आणि त्यातलं एक आईला विचारतं, "बाबा आज मोठ्या नांगीनं येणार का छोट्या?" मी ते वाचलं आणि हसणं थांबलं. मुक्ता माझ्या उजव्या हाताकडे बघत होती.

मी घरात हात उचलायचो. गावात मला मवाळ माणूस म्हणतात. मुक्ता सुट्टीत ताईकडे चित्रं शिकायला जायची. तिथं ती काय बोलली असेल, हे विचारायची हिंमत मला कधी झाली नाही. मी पुस्तक मिटलं आणि समितीला लिहून दिलं, "मुलांना भीती वाटेल. घरात वाचण्याजोगं नाही."

दोन दिवसांनी ताई आली. "कुठलं पान रे?"

"सगळंच जरा... जड झालंय, ताई."

"अठरावं व्हय?"

मी कव्हराची घडी घालत राहिलो. मग म्हणालो, "तेवढं पान काढ. लगेच शिक्का मारतो."

"ते काढायचं तर बाकीचं कशापायी काढलं म्या?" म्हणाली आणि गेली. प्रत टेबलावरच राहिली.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. तिला पुण्याला नेलं होतं. भेटायला म्हणून एकदा एसटीत बसलो, आणि वाटेतच कामथडीला उतरून परत फिरलो. सगळ्यांना सांगितलं, गाडी बंद पडली.

पुस्तकावर आता शिक्का आहे. तेव्हा का मारला नाही, हेही मी समितीसमोर सांगितलं. पहिल्या प्रती वेल्ह्याला गेल्या. ताईला हे कळायचं नाही.

पण शिक्क्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, ते पुस्तक मी पुन्हा घरी नेलं होतं. ताईच्या दहाव्यासाठी मुक्ता कॉलेजातून आलेली होती. मी वाचत गेलो आणि अठराव्या पानाशी अडलो. मुक्तानं पुस्तक हातातून ओढून घेतलं, पिल्लाचं वाक्य स्पष्ट वाचलं आणि परत माझ्यापुढं ठेवलं.

"पुढचं तुमीच वाचा," शैला म्हणाली.

पुढचं पान मी तेव्हा उलटलंच नव्हतं. एकोणिसाव्या पानावर एकही अक्षर नाही. खेकडेराव बिळाबाहेर उभा आहे. त्यानं आतलं ऐकलंय. ताईनं त्याच्या दोन्ही नांग्या चिखलात खुपसून ठेवल्यात, आणि तो आत जात नाही...

"वाचा की," त्या चित्राकडे बघत शैला पुन्हा म्हणाली.